पद्मिनीच्या इंजिनाचे भाग घडवताना: धातूची निवड, खरेदी आणि पारख

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सीही उतरली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होते, म्हणून भाग बनत होते. आता ज्यांनी घरची गाडी जपली आहे, त्यांना रॉकर शाफ्ट, व्हॉल्व्ह गाइड, वॉटर पंपाचा शाफ्ट किंवा एक्झॉस्टची फ्लँज यांसाठी एक तर भंगारातला झिजका भाग घ्यावा लागतो, नाही तर लेथवर नवा करून घ्यावा लागतो. करून घेणे फारसे अवघड नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक येथे हात बसलेले टर्नर आहेत आणि मोजमापे जुन्या भागावरून काढता येतात. काम अडते ते धातूपाशी. टर्नर विचारतो, "मटेरियल कुठले लावू?" आणि मालक सांगतो, "चांगले लावा."

बाजारात "चांगले" नावाचा धातू मिळत नाही. जो धातू एका भागाला उत्तम, तोच दुसऱ्या भागात सहा महिन्यांत दगा देतो. शिवाय महागडी ग्रेड मागून आणली तरी हातात आलेला बार खरोखर त्या ग्रेडचा आहे का, हा प्रश्न उरतोच. घरगुती कामासाठी माझे मत स्पष्ट आहे: तपासून घेतलेला ईएन ८, म्हणजे साधे कार्बन पोलाद, हा केवळ दुकानदाराच्या शब्दावर घेतलेल्या ईएन २४ या भारी मिश्र पोलादापेक्षा केव्हाही बरा. पुढील सर्व पायऱ्या या मताला धरून आहेत.

पहिली पायरी: काय करायचे नाही ते ठरवणे

कनेक्टिंग रॉड, त्याचे बोल्ट, क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि फ्लायव्हील हे भाग बारमधून कापून करू नयेत. इंजिन ५००० फेऱ्यांवर असताना कनेक्टिंग रॉडवरचा ताण सेकंदाला ऐंशीहून अधिक वेळा ओढ आणि दाब असा उलटसुलट होतो. असा भाग फोर्जिंगने घडवतात, तेव्हा धातूचे तंतू त्याच्या आकाराला धरून वळतात. सरळ बारमधून किंवा प्लेटमधून कापलेल्या रॉडमध्ये ते आडवे तुटतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. फ्लायव्हील फुटल्यास त्याचे तुकडे बेलहाउसिंग (त्याभोवतीचे आवरण) फोडून गाडीत शिरू शकतात. पिस्टनची गोष्ट वेगळी आहे. त्याला एलएम १३ सारखे सुमारे १२ टक्के सिलिकॉनचे, उष्णतेने कमी फुगणारे मिश्रण लागते आणि ते ओतकाम व उष्मोपचार यांसह कारखान्यातच नीट होते. ब्रेक आणि स्टीअरिंग हे इंजिनाचे भाग नव्हेत, तरी कोणी विचारलेच तर उत्तर तेच आहे.

व्हॉल्व्हही बारमधून करू नये. स्टेमचा व्यास जुळणारा, पण लांबीने आणि डोक्याने थोडा मोठा असा दुसऱ्या इंजिनाचा नवा व्हॉल्व्ह घेऊन तो ग्राइंडिंगने उतरवून घेणे हा जुना आणि योग्य मार्ग आहे. मात्र तेथे एक चाचणी करावी. इनलेट व्हॉल्व्ह बहुधा सिलिकॉन-क्रोम पोलादाचा असतो आणि त्याला लोहचुंबक चिकटते. एक्झॉस्टसाठी वापरले जाणारे २१-४एन हे पोलाद चुंबकाला दाद देत नाही. काही व्हॉल्व्हचे डोके एका धातूचे आणि स्टेम दुसऱ्याचे, जोडून केलेले असते. म्हणून चुंबक डोक्यापाशी लावून पाहावे. डोक्याला चुंबक घट्ट चिकटणारा व्हॉल्व्ह एक्झॉस्टला बसवू नये.

दुसरी पायरी: भाग कशाने मरतो ते पाहणे

जुना भाग टाकून देण्याआधी तो स्वच्छ धुऊन उजेडात न्यावा. घासून झिजला, वाकला, तुटला, गंजला की उष्णतेने भाजला, हे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. घासणाऱ्या भागाला पृष्ठभागाचा कठीणपणा लागतो, वळण सोसणाऱ्या भागाला चिवटपणा, पाण्यातल्या भागाला गंजरोध आणि एक्झॉस्टजवळच्या भागाला तापूनही न मऊ पडण्याचा गुण.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाफ्ट लवतो म्हणून "भारी पोलाद" घेण्याने काही साधत नाही. साधे मऊ पोलाद असो वा ईएन २४, सर्व पोलादांची लवचिकता जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे त्याच व्यासाचा शाफ्ट त्याच वजनाखाली तितकाच लवतो. भारी पोलाद कायमचे वाकवायला अधिक जोर लागतो, इतकेच. लवणे कमी करायचे असेल तर व्यास वाढवावा लागतो किंवा आधारांमधले अंतर कमी करावे लागते, आणि तयार इंजिनात यांपैकी काहीच आपल्या हातात नसते.

तिसरी पायरी: भागानुसार ग्रेड

आपल्या बाजारात अजूनही ईएन क्रमांकच चालतात. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश मानकातले आहेत. ब्रिटनने ते केव्हाच मागे टाकले, पण भोसरीतल्या किंवा कळंबोलीतल्या दुकानदाराला ४०सी८ हे भारतीय मानकातले नाव सांगितले तर तो क्षणभर थांबतो आणि ईएन ८ म्हटले की थेट गोदामात जातो. ईएन ८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. ईएन ९ मध्ये तो अर्ध्या टक्क्याच्या वर जातो. ईएन १९ मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम, ईएन २४ मध्ये त्यांच्या जोडीला सुमारे दीड टक्का निकेल. ईएन ३१ म्हणजे बेअरिंगचे पोलाद, कार्बन एक टक्क्याच्या आसपास. १६एमएनसीआर५ आणि २०एमएनसीआर५ ही कमी कार्बनची, वरून कार्बन पाजून कठीण करण्याची पोलादे आहेत. साठ मि.मी.च्या आतल्या व्यासाला ईएन १९ आणि ईएन २४ यांच्या ताकदीत घरगुती कामाला जाणवेल असा फरक सहसा पडत नाही. ईएन २४ चा खरा उपयोग जाड भागात, गाभ्यापर्यंत कठीणपणा पोचवायचा असतो तेव्हा होतो. त्यामुळे पद्मिनीसारख्या १०८९ सीसीच्या इंजिनात ईएन २४ चा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही.

रॉकर शाफ्टचा विचार सविस्तर करावा लागतो, कारण चुका येथेच जास्त होतात. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर झुलतात तो हा शाफ्ट लांब, बारीक, तेलाची भोके पाडलेला असतो आणि त्यावर रॉकरचे बुश सतत एकाच बाजूने घासतात. पुष्कळ मिस्त्री त्यासाठी ईएन ३१ सुचवतात, कारण ते ५८ ते ६२ एचआरसीपर्यंत (रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर) कडक होते. पण ते गाभ्यापर्यंत कडक होते, आणि तेलाच्या भोकाच्या कडेशी पाणी देतानाच बारीक तडा जाण्याची भीती असते. दुसरी सूचना येते ती हायड्रॉलिक सिलिंडरच्या तयार हार्ड क्रोम रॉडची. तो सरळ आणि चकचकीत असतो खरा, पण त्यात भोक पाडताना क्रोमचा थर कडेने टवके सोडतो आणि ते टवके पुढे तेलात फिरतात. १६एमएनसीआर५ किंवा २०एमएनसीआर५ चा बार घ्यावा, भोके आधी पाडून त्यांच्या कडा मोडून घ्याव्यात, व्यासावर ०.३ ते ०.४ मि.मी. माल राखून टर्निंग करावे, मग ०.८ मि.मी. खोलीपर्यंत केस हार्डनिंग (कार्बन पाजून फक्त वरचा थर कठीण करणे) करून घ्यावे आणि शेवटी सिलिंड्रिकल ग्राइंडिंग. एका बाजूने ०.२ मि.मी. ग्राइंडिंगमध्ये गेले तरी ०.६ मि.मी.चा कडक थर उरतो आणि गाभा चिवट राहतो. केस हार्डनिंगची सोय नसेल तर ईएन ८ घेऊन फक्त घासणाऱ्या जागा इंडक्शनने कडक करून घेणे हाही बरा पर्याय आहे.

रॉकरच्या बुशला शाफ्ट कडक असेल तर फॉस्फर ब्राँझ चालते. शाफ्ट मऊच राहणार असेल तर शिसे असलेले गनमेटल घ्यावे. ते स्वतः झिजते आणि शाफ्ट वाचवते. बुश बदलणे स्वस्त असते.

व्हॉल्व्ह गाइडसाठी बिडाचे ओतीव लोखंड किंवा ब्राँझ, हे दोन मार्ग. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि येथे थोडे गणित करणे आवश्यक ठरते. समजा गाइडचा बाहेरचा व्यास १४ मि.मी. आहे आणि सर्व काही १०० अंशांनी तापले. ॲल्युमिनियमचे भोक सुमारे ०.०३२ मि.मी. मोठे होते, ओतीव लोखंडाचे गाइड ०.०१५ मि.मी. फुगते आणि ब्राँझचे ०.०२५ मि.मी. म्हणजे थंड असताना दिलेल्या घट्टपणातून लोखंडी गाइडच्या बाबतीत ०.०१७ मि.मी. निघून जातात, ब्राँझच्या बाबतीत केवळ ०.००७. ब्राँझ उष्णताही लवकर वाहून नेते. जुन्या लोखंडी गाइडचे माप ब्राँझच्या गाइडला जसेच्या तसे देणारा टर्नर हेडवर विनाकारण जोर आणतो. उलट ब्राँझचे माप लोखंडाला दिले तर तापलेल्या हेडमध्ये गाइड सैल पडू शकते. एक्झॉस्टच्या बाजूला शिशाचे गनमेटल नको. तेथे फॉस्फर ब्राँझ किंवा ॲल्युमिनियम ब्राँझ घ्यावे. ॲल्युमिनियम ब्राँझ रीमरला (भोक नेमक्या मापात आणणाऱ्या हत्याराला) जड जाते, एवढे टर्नरला आधी सांगावे.

वॉटर पंपाच्या शाफ्टला ईएन ८ ताकदीने पुरते, पण सीलखाली गंजाचे खड्डे पडतात. तेथे ४२० किंवा ४३१ स्टेनलेस बरे. ३०४ गंजत नसले तरी मऊ असते आणि सीलखाली लवकर चर पडतो.

एक्झॉस्टच्या फ्लँजला १० ते १२ मि.मी. जाडीची साधी माइल्ड स्टीलची प्लेट उत्तम. दिसायला छान म्हणून ३०४ लावण्याची हौस अनेकांना असते. ४०० मि.मी. लांबीची अखंड फ्लँज ४०० अंशांनी तापली तर साध्या पोलादाची लांबी दोन मि.मी.च्या आतबाहेर वाढते, ३०४ ची जवळजवळ तीन मि.मी. स्टड मात्र हेडमध्ये जागच्या जागी असतात. धातू कोणताही असो, पाइप वेल्ड करून झाल्यावर पोर्टांमधली फ्लँज करवतीने कापून मोकळी करावी आणि भोके थोडी सैल ठेवावीत. गॅल्व्हनाइज्ड प्लेट किंवा पाइप वेल्डिंगला कधीही घेऊ नये. जस्ताच्या धुराने वेल्डर आजारी पडतो.

एक्झॉस्टचे स्टड बाजारातल्या साध्या थ्रेडेड रॉडमधून कापू नयेत. पेट्रोकेमिकल कामाचे फास्टनर विकणाऱ्यांकडे बी७ दर्जाचा स्टड मिळतो. तो क्रोम-मॉली पोलादाचा असून सुमारे ६०० अंशांवर टेम्पर केलेला असल्याने मॅनिफोल्डजवळच्या उष्णतेने मऊ पडत नाही. त्यावर पितळी नट घातले की पुढच्या वेळी स्टड तुटत नाही.

कार्ब्युरेटरखालच्या अडॅप्टरला ६०८२ ॲल्युमिनियम पुरेसे आहे. जुन्या दुकानदारांकडे ते एचई ३० या नावाने मागावे. ७०७५ ताकदीने सर्वांत वरचढ असले तरी इंजिनाच्या उष्णतेत त्याची ताकद लवकर ओसरते, आणि अडॅप्टरला तेवढी ताकद लागतच नाही. टी६ (उष्मोपचाराने कठीण केलेल्या) अवस्थेतला तुकडा वेल्ड केला की जोडाजवळ तो मऊ पडतो, म्हणून अडॅप्टर एकाच ठोकळ्यातून मिलिंग करून घ्यावा.

पुलीसाठी एफजी २६० दर्जाच्या बिडाचे ओतकाम करून घेण्याची इच्छा असेल तर कोल्हापूरचे उद्यमनगर आणि शिरोली हा परिसर त्यासाठी सरावलेला आहे, पण मोठी फाउंड्री एका नगासाठी साचा लावणार नाही. छोट्या फाउंड्रीकडे स्वतःचा लाकडी पॅटर्न घेऊन जावे. पॅटर्न करताना ओतीव लोखंडासाठी सुमारे १ टक्का आकुंचन धरावे आणि मशिनिंगसाठी दर बाजूला ३ मि.मी. माल ठेवावा.

चौथी पायरी: माल कोठून घ्यावा

मोठ्या पोलाद कारखान्यांकडून एखादा मीटर बार मिळत नाही. तो स्टॉकिस्टकडूनच घ्यावा लागतो. मुंबईकरांसाठी कळंबोलीचा पोलाद बाजार, पुण्यात भोसरी-चिंचवड, नाशिकला सातपूर-अंबड, मराठवाड्यात चिकलठाणा-वाळूज या औद्योगिक वसाहतींभोवती अलॉय स्टीलचे व्यापारी आहेत. ब्राँझ आणि ॲल्युमिनियमसाठी अलोह धातूंचा वेगळा दुकानदार गाठावा. काही स्टॉकिस्ट पूर्ण बारच विकतात, काही बँडसॉवर कापून देतात. कापून देणाऱ्याचा किलोमागे भाव जास्त असला तरी घरगुती कामाला तोच परवडतो.

जाण्याआधी वजन काढून ठेवावे. पोलादाच्या गोल बारचे दर मीटरचे किलोतले वजन म्हणजे मि.मी.मधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. शाफ्ट १८ मि.मी.चा करायचा तर २२ मि.मी.चा काळा बार घ्यावा. ४८४ भागिले १६२ म्हणजे मीटरला साधारण ३ किलो. व्यासावर जास्तीचे ४ मि.मी. उधळपट्टी नव्हे. गरम लाटलेल्या काळ्या बारच्या पृष्ठभागातला कार्बन भट्टीत जळालेला असतो आणि तो मऊ थर काढून टाकल्याखेरीज वरचा कठीणपणा नीट येत नाही. चकचकीत ब्राइट बार मापात असतो, पण तो ओढताना अंगात ताण भरलेला राहतो. त्यात एका बाजूने लांब कीवे (चावीची खाच) काढला की बार केळ्यासारखा वाकतो. लागणाऱ्या लांबीपेक्षा २५ ते ३० मि.मी. जास्त घ्यावे. हा तुकडा पुढे तपासणीला लागतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या दारूखान्यात भंगारातले ॲक्सल, टॉर्शन बार, जहाजाचे शाफ्ट स्वस्तात मिळतात आणि धातू बहुधा चांगलाही असतो. अडचण अशी की त्या भागाने आधीच आपले आयुष्य काढलेले असते. त्याच्या अंगात थकव्याचे बारीक तडे असू शकतात आणि ग्रेड कोणालाच ठाऊक नसते. अशा मालातून पुलर, मँड्रेल, ड्रिफ्ट यांसारखी अवजारे करावीत. इंजिनात जाणारा भाग त्यातून करायचाच असेल तर आधी डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) तडे पाहावेत आणि रासायनिक तपासणी करावी, आणि ती करण्याचा खर्च धरला की स्वस्ताई बहुतेक संपलेली असते.

पाचवी पायरी: पारख

बिलाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागावे. बाजारात त्याला टीसी म्हणतात. टीसीवर हीट नंबर, म्हणजे एकदा वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक, असतो आणि तोच नंबर बारच्या टोकावर ठोकलेला किंवा चिठ्ठीवर लिहिलेला असायला हवा. दुकानदाराने ४० मि.मी.च्या बारला ६३ मि.मी.चा टीसी दिला तर ती लबाडीच असेल असे नाही, कारण एकाच हीटमधून अनेक व्यास लाटले जातात. पण हीट नंबर जुळत नसेल तर तो कागद तुमच्या बारबद्दल काहीच सांगत नाही. टोकाच्या रंगावर विसंबू नये. प्रत्येक व्यापाऱ्याचा रंगांचा संकेत वेगळा असतो, आणि रंगवलेले टोक तर पहिल्या गिऱ्हाइकालाच कापून गेलेले असते.

दुकानातच करता येते ती ठिणगीची चाचणी. घरून खात्रीच्या ईएन ८ चा आणि साध्या माइल्ड स्टीलचा असे दोन तुकडे सोबत न्यावेत आणि एकाच ग्राइंडरवर सावलीत एकामागून एक लावावेत. मऊ पोलादाची ठिणगी लांब आणि कमी फुटणारी, कार्बन वाढला की चाकाजवळच दाट फुलबाज्या, ओतीव लोखंडाची आखूड आणि लालसर. चष्मा घालावा. या चाचणीने ईएन ८ ऐवजी माइल्ड स्टील गळ्यात मारले जात असेल तर कळते. ईएन १९ आणि ईएन २४ मधला फरक तिच्यावर सोपवू नये.

पक्क्या उत्तरासाठी प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो तपासणी, म्हणजे धातूतल्या घटकांचे मापन, करावी. अनेक भंगारवाले आणि व्यापारी हातातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांच्या) गनने क्षणात ग्रेड दाखवतात. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम ती नीट ओळखते, त्यामुळे ईएन १९ की ईएन २४, २०२ स्टेनलेस की ३०४ हे सांगायला ती उपयोगी आहे. कार्बन मात्र तिला दिसत नाही. ईएन ८ आणि ईएन ९ यांत फरक कार्बनचाच, म्हणून तेथे गनचा निकाल निरर्थक ठरतो आणि ठिणगी पाडून जाळणारा स्पेक्ट्रोमीटरच लागतो. ब्राँझसाठी गन उत्तम, कारण रंगाने फसगत होते: नुकतेच कापलेले पितळ पिवळे आणि फॉस्फर ब्राँझ तांबूस दिसते हे खरे, पण ॲल्युमिनियम ब्राँझही पिवळेच असते. ॲल्युमिनियमची ग्रेड कळली तरी टी६ अवस्था रसायनातून कळत नाही. त्यासाठी कठीणपणा मोजावा. ६०८२ सारखाच असलेला ६०६१ हा टी६ मध्ये ९५ ब्रिनेलच्या आसपास असतो आणि मऊ अवस्थेत ३० च्या.

सहावी पायरी: हीट ट्रीटमेंटवाल्याशी बोलणे

"कडक करून द्या" एवढे सांगून भाग सोडून येऊ नये. एकट्या शाफ्टसाठी कोणी भट्टी पेटवत नाही. तुमचा नग दुसऱ्या कोणाच्या लॉटबरोबर आत जातो, म्हणून तो लॉट कोणत्या पोलादाचा आहे हे विचारणे तुमचा हक्क आहे. कागदावर ग्रेड, हवा असलेला कठीणपणा उदाहरणार्थ ५८ ते ६० एचआरसी, थराची खोली आणि मऊ ठेवायच्या जागा लिहून द्याव्यात. आटे असलेला भाग कार्बन पाजण्यापासून झाकून घ्यावा, नाही तर आटे काचेसारखे तुटतात. बारीक शाफ्ट भट्टीत उभा टांगायला सांगावा. आडवा ठेवला तर तो वाकून येतो आणि सरळ करताना वरचा थर तडकू शकतो.

राखून ठेवलेला २५ मि.मी.चा तुकडा याच वेळी भागासोबत भट्टीत द्यावा. परत आल्यावर तो मधून कापून, घासून त्याच्या थराची खोली आणि गाभ्याचा कठीणपणा पाहता येतो. खऱ्या शाफ्टला हात लावावा लागत नाही. कडक भागावर जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा चढवायचा असेल तर त्यानंतर लगेच, काही तासांच्या आत, सुमारे २०० अंशांवर भाजून घेण्याची अट घालावी. मुलाम्याच्या वेळी पोलादात शिरलेला हायड्रोजन तसाच राहिला तर भाग बसवल्यानंतर एखाद्या दिवशी काही कारण नसता तुटतो.

भाग बसवण्यापूर्वी त्यावर हीट नंबर आणि तारीख इलेक्ट्रिक पेनने घासणार नाही अशा जागी लिहावी, आणि तीच नोंद टीसीच्या मागे करून ठेवावी. उरलेल्या तुकड्यांवरही नंबर ठोकून ठेवावा; नाव नसलेला तुकडा पुढच्या वर्षी भंगारच असतो. नवा रॉकर शाफ्ट आणि बुश बसवल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरला टॅपेट कव्हर उघडून फटी पुन्हा मोजाव्यात आणि तेल बदलताना गाळणीत ब्राँझची सोनेरी भुकटी दिसते का ते पाहावे. थोडीशी दिसली तर बुश बसत आहेत. चिमटीत येईल इतकी दिसली तर शाफ्टचा पृष्ठभाग पुन्हा तपासायला हवा.